हंबीरराव आणि भडंगातला खडा

"खडा? माझ्या घरच्या ताटात खडा? आवं, सात पिढ्या झाल्या, ह्या घरात खाल्लेल्या माणसाचा दात कधी दुखला न्हाई! आन् तुमी म्हंता खडा?"

तासगावचे अण्णा सोप्यात उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की बाहेर द्राक्षाच्या मांडवावर बसलेली पाखरं थेट मिरजेला जाऊन उतरली असतील.

आमचे हंबीरराव मात्र खिडकीशी उभे. डाव्या हाताच्या चिमटीत तो खडा, उजव्या डोळ्याला भिंग, आणि तोंडावर पहिला नातू झाल्यासारखा आनंद.

"खडा न्हाई हो अण्णा. खडा असता तर मी मुकाट गिळला असता. ह्यो जीव हाय."

"जीव?"

"म्हंजे होता."

"किडा! भडंगात किडा निघाला म्हंता?"

"किडा न्हाई. कवच हाय. आतला कवाच मेलाय."

"मेलेला किडा!" अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला आणि माझ्याकडं वळले. "आवं पावणं, तुमी तर म्हनला हुता, मानूस साधा हाय!"

हा सगळा प्रकार मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात चालला होता, एवढं सांगितलं म्हणजे माझी अवस्था आपल्या ध्यानात येईल. मुलगी अजून बाहेर आलीच नव्हती. बाहेर आलं होतं ते नुसतं भडंग. आमच्या मंडळी माझ्याकडं अशा बघत होत्या, की तो खडा मीच खिशातनं आणून टाकला असावा.

हंबीरराव म्हणजे आमच्या मंडळींचे सख्खे थोरले भाऊ. वय चाळिशीला टेकलेलं. आई-वडील गेलेले. जगात त्यांचं म्हणावं असं माणूस म्हणजे ही एक बहीण, आणि तिच्यापायी मी. साहेब राहणार तिकडं देहरादूनला, खोलीत एकटे. वर्षातनं एकदा महिन्याची रजा काढून आष्ट्याला आमच्याकडं यायचे. एकेक स्थळ मोडत मोडत आता नात्यागोत्यातली स्थळंच संपली होती. तासगावचं हे शेवटचं. "हे मोडलं तर दादा जल्मभर असाच ऱ्हानार बगा," असं आमच्या मंडळींनी घरातनं निघताना, एस्टीत बसताना आणि उतरताना मला सांगून झालं होतं. जणू दादाला मीच कुलूप घालून ठेवलं होतं.

आता अण्णांना थोडा वेळ ओरडू देऊ आणि मी तुम्हांला हंबीरराव सांगतो. अण्णा कुठं जात नाहीत.

हंबीररावांचे वडील सुभेदार. साताऱ्याजवळचं गाव, घरटी एक माणूस पलटणीत. पोरगा झाला तेव्हा सुभेदारांनी नाव ठेवलं हंबीरराव. अपेक्षा ही, की पोरगा तोफा ओढील. पोरानं हातात धरला कुंचला, तोही तीन केसांचा. मी थोडं वाढवून सांगतो ही माझ्याबद्दलची तक्रार खरी आहे, पण तीन केस हे मी स्वतः बघितलेत. तो कुंचला जिभेवर ओला करायचा, त्याच्या टोकानं खसखशीपेक्षा बारीक कण उचलायचा आणि दुसऱ्या जागी नेऊन ठेवायचा, हा ह्या पैलवानी अंगाच्या माणसाचा सरकारी धंदा. सुभेदारांनी एकदा हे बघितलं म्हणे, आणि नंतर गावात सांगायचे, "पोरगा दिल्लीकडं असतो. कामाचं बोलायची परवानगी न्हाई."

हे काम तेलाचं. म्हणजे जमिनीतल्या तेलाचं. मी लग्न झाल्यावर पहिल्या वर्षीच विचारलं होतं.

"हंबीरराव, तुमी तेल काढता म्हंजे करता काय?"

"दाजी, भोक पाडत खाली गेलं की चिखलाबरोबर दगडाचा चुरा वर येतो. तो चुरा धुवायचा, वाळवायचा, भिंगाखाली घालायचा. त्यात जुन्या समुद्रातल्या जिवांची कवचं सापडतात. कवच बघितलं की दगडाचं वय कळतं. वय कळलं की सांगता येतं, अजून खणायचं का थांबायचं."

"आन् तेल कुठं दिसतं?"

"तेल न्हाई दिसत. वय दिसतं."

"मग तेल कोण बघतं?"

"ते दुसरी मानसं."

म्हणजे बघा. तेलाच्या नोकरीत केस पिकले, पण आमच्या मंडळींनी चपातीला लावलेलं सोडलं तर ह्या माणसानं तेलाचा थेंब बघितला नव्हता. बघितली ती कवचं. त्या प्राण्याचं नाव फोरॅमिनिफेरा. प्राणी खसखशीएवढा आणि नाव मालगाडीएवढं.

सुरुवातीच्या दिवसांचं ते कौतुकानं सांगायचे. आपण आपलं तेल शोधायचं ही कल्पनाच तेव्हा नवी. साहेब परदेशी, यंत्रं परदेशी, आणि कवचांची चित्रं असलेली पुस्तकंही परदेशी. एका सूक्ष्मदर्शकावर तिघं जण पाळी लावून बसायचे. "गुजरातच्या भोकातनं कवच यायचं वर, दाजी, आन् आमी ते पुस्तकात शोधायचो. पर पुस्तक तिकडच्या समुद्राचं. आमच्या कवचानं ते पुस्तक वाचलेलं नसायचं! मग आमीच बसलो. एकेकाचं चित्र काढलं, एकेकाला नाव दिलं. आमच्या मानसांची वळख आमीच करून घेतली."

माणसांची म्हणायचे. कवचांना.

इथवर ठीक होतं. असतो एकेकाचा धंदा. पण ह्या गृहस्थानं तो धंदा डोक्यावर घेऊन आमच्या घरात आणला, इथं माझी हरकत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ते सगळं उलटं सांगत. खणताना आधी नवं लागतं आणि मग जुनं, म्हणून ह्यांच्या तोंडातनं कुठलीही हकीकत शेवटाकडनं सुरू व्हायची. आमच्या चुलत्यांचं वर्तमान त्यांनी मला असं दिलं, "तात्यांचा तेरावा चांगला झाला. त्याच्या आधी पाऊस लय होता, लाकडं पेटंनात. त्याच्या आधी दवाखान्यात हुते." मी तोपर्यंत भिंतीला टेकून खाली बसलो होतो. तात्या आजारी असल्याचंच मला ठाऊक नव्हतं! माझ्या पोरांना गोष्ट सांगायचे ती "राजा-राणी सुखानं नांदू लागले" इथून. पोरंही अशी बिघडली, की "मग पुढं काय झालं?" असं न विचारता "मग त्याच्या आधी?" असं विचारायला लागली. धाकट्यानं शाळेत पाढा दहापासून एकापर्यंत म्हणून दाखवला आणि मास्तरांनी मला बोलावणं पाठवलं.

दुसरी गोष्ट, "वरनं पडलंय." हे त्यांचं पालुपद. भोक पाडताना वरच्या थरातला चुरा ढासळून खाली पडतो, खालच्या चुऱ्यात मिसळतो आणि माणसाला फसवतो. तेव्हा हाती आलेली वस्तू इथलीच आहे का वरनं पडलेली, हे आधी बघायचं, अशी त्यांची शिस्त. प्रयोगशाळेत ती थोर असेल. पण मी पेपर वाचत म्हणालो, "हंबीरराव, साखरेचा भाव उतरला," की हे म्हणणार, "वरनं पडलंय." आमच्या मंडळींनी शेजारच्या सुनेबद्दल काही कुजबुजलं, की, "वरनं पडलंय ते. नमुना भ्रष्ट." नव्या सरपंचांना मी ओळख करून द्यायला घेऊन गेलो, तर त्यांना नखशिखांत न्याहाळून माझ्या कानात म्हणाले, "इथलं वाटत न्हाई." ते खरंही होतं, सरपंच दत्तक आलेले होते. पण असं बोलायचं असतं का?

तिसरी गोष्ट तांदळाची. एकदा हळदीकुंकवाची गडबड होती म्हणून आमच्या मंडळींनी भावाला सुपात तांदूळ दिले आणि म्हणाल्या, "दादा, येवढं निवड." दादा परसात बसले. दुपार झाली, चहा झाला, बायका आल्या, हळदीकुंकू झालं, बायका गेल्या. दादा अजून बसलेलेच. जाऊन बघतो तर काळ्या पाटीवर तांदळाच्या ढिगल्यांची रांग लागलेली. अखंड, मोडके, लांबट, पोटात पांढरा ठिपका असलेले, ठिपका नसलेले, आणि एका कोपऱ्यात एकच दाणा.

"हा का येगळा?"

"ह्याची वळख पटंना," हंबीरराव गंभीरपणे म्हणाले. "ह्याला शिजवू नका."

त्या दिवशी आम्ही ज्वारीची भाकरी खाल्ली.

मग समुद्रात तेल लागलं. मुंबईपासून लांब भर समुद्रात तेल लागल्याची बातमी रेडिओवर झाली आणि आष्ट्यात ती माझ्या दारात येऊन थांबली. कारण अख्ख्या वाळवा तालुक्यात तेलाचा माणूस म्हणून माहीत असलेला एकच, आमचा मेव्हणा. डिझेलची तेव्हा अशी मारामार, की विहिरीवरची इंजिनं पाणी ओढायच्या आधी मालकाचा घाम ओढायची. लोक मला रस्त्यात अडवू लागले. "पावण्यांस्नी सांगून एक बॅरल सोडवा की!" एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, समुद्रातनं आष्ट्यापर्यंत नळ टाकता येईल का.

रजेवर आले तसा सोसायटीनं त्यांचा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ. चेअरमन बोलले, "ह्या वाघानं समुद्राच्या पोटात हात घातला आन् तेल वर काढलं!" टाळ्या. हंबीरराव उठले. मी देवाचा धावा केला. पण देव त्या वेळी दुसऱ्या कुणाच्या सत्काराला गेला असावा.

"मी त्या विहिरीवर नव्हतो," हंबीरराव म्हणाले.

लोक हसले. नम्रता समजले.

"खरंच नव्हतो. ते काम माझ्या सोबत्यांनी केलं. चांगलं केलं. ज्या विहिरी कोरड्या गेल्या, त्यांतल्या बऱ्याचशा विहिरींवर मी होतो."

सभेत असा सन्नाटा पसरला, की नारळातलं पाणी हललेलं ऐकू यावं. शेवटी चेअरमन ओरडले, "टाळ्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कुणासाठी हे कुणालाच कळलं नाही. बाहेर पडताना एक म्हातारा हंबीररावांना म्हणाला, "सायेब, निदान माझ्या मळ्यात हिरीला पानी कुठं लागंल ते तरी सांगा." हंबीरराव गेले, मळ्यातला दगड भिंगाखाली धरला, म्हणाले, "हितं समुद्र कवाच न्हवता. नुसता लाव्हा." म्हातारा हात जोडून म्हणाला, "समुद्र नगंच मला. उसापुरतं द्या."

तर असा हा माणूस घेऊन मी तासगावला गेलो होतो. तिथं भडंगाची पहिली मूठ तोंडात घातली, कर्रकन आवाज झाला, आणि बोट तोंडात घालून ह्यांनी खडा काढला. मुलगी बघायला गेलेल्या माणसानं ताटात खडा निघाला तर तो गिळावा, ही आमच्याकडची रीत आहे. दात पडला तर दातही गिळावा. हे गृहस्थ तो खडा घेऊन खिडकीशी गेले. खिशात रुमाल नव्हता, पण भिंग होतं.

"अण्णा," हंबीरराव आता समजूत घालत होते, "चुरमुरे भट्टीत वाळूवर भाजत्यात का न्हाई? ती वाळू कोकणातली असणार. खाडीच्या तोंडाजवळची. त्यातनं ह्यो आला. भडंग एक नंबर झालंय हो! आणखी द्या!"

"आणखी किडं पायजेत तुमास्नी?" अण्णांनी उपरणं खांद्यावर झटकलं. "पावणं, ऱ्हाऊ द्या. तुमचं आमचं जुळायचं न्हाई. चहा घ्या आन् निघा."

चहा घेऊन जी आली तीच मुलगी. कमल. तिशीच्या आसपासची, काळीसावळी, उंच. पदर खोचलेला. बेदाण्याच्या शेडवरनं थेट आलेली दिसत होती, कारण हाताला द्राक्षाचा चिकटा होता. अण्णांचा मुलगा पलटणीत, त्यामुळं बाग आणि शेड हीच बघायची, आणि आलेली स्थळं हीच नाकारायची, असं मध्यस्थानं आम्हांला आधी सांगितलं होतं. तिनं ट्रे खाली ठेवला आणि सरळ खिडकीशी गेली.

"बघू."

हंबीररावांनी खडा तिच्या तळहातावर ठेवला आणि भिंग दिलं. तिनं ते आधी उलटं धरलं, मग सुलटं धरलं, एक डोळा मिटला. अण्णांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"ह्याला दार कुठंय?" कमलनं विचारलं.

हंबीरराव गडबडले. एवढ्या वर्षांत त्यांना लोकांनी तेल विचारलं, पाणी विचारलं, डिझेल विचारलं. दार कुणी विचारलं नव्हतं.

"हे... ह्या टोकाला. बारीक फट दिसती बघा."

"आन् आत ह्या खोल्या?"

"खोल्याच. वाढंल तशी एकेक खोली बांधत जातो. जुनी मोडत न्हाई. पयली, लहानपणाची, पार मधी असती."

"बारीकशी हाय," ती म्हणाली. खडा त्यांच्या हातावर परत ठेवला आणि बापाकडं वळली. "अण्णा, पावण्यांस्नी शेड दावते."

अण्णा काही म्हणायच्या आत ती निघालीसुद्धा. मंडळींनी मला कोपरानं ढोसलं, म्हणजे मी मागोमाग जायचं. मुलामुलीनं एकटं बोलायची पद्धत आमच्याकडं अजून आली नव्हती. म्हणून मी शेडमध्ये बेदाण्याच्या जाळ्यांआड उभा राहिलो आणि काही ऐकू येत नसल्याचा चेहरा केला. ऐकू सगळं येत होतं.

कमल खाली बसून बेदाणे निवडायला लागली. काळे इकडं, पिवळे तिकडं, देठाचे तिसरीकडं. हंबीरराव समोर बसले आणि न सांगता निवडायला लागले. मी मनात म्हटलं, झालं. आता संध्याकाळपर्यंत इथंच.

"तुमी असता कसं तिकडं?" तिनं विचारलं.

"आज सकाळी दाजींकडं च्या घेतला," हंबीररावांनी सुरुवात केली. "त्याच्या आधी रेल्वेत होतो. त्याच्या आधी..."

"उलटं का सांगताय?"

"खणताना असंच लागतं."

कमलनं त्यांच्याकडं एकदा बघितलं. "मग खणा."

आणि हंबीरराव खणू लागले. देहरादूनची खोली, खिडकीतनं दिसणारा डोंगर, खाणावळीतली रोजची तीच डाळ. त्याच्या आधी समुद्राचे नमुने. त्याच्या आधी सुभेदार गेले ते, तेव्हा हंबीरराव भोकावर होते आणि पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याच्या आधी गुजरात. मी जाळ्यांआड कपाळ धरून उभा. बाईमाणसाला पसंत पडेल असा एक शब्द नाही. बंगला नाही, बढती नाही. नुसते तंबू, चिखल आणि चुरा.

"तितं माझं काम काय," ते सांगत होते, "तर थांबा म्हणायचं. खाली जाता जाता कवचं लागत्यात, लागत्यात, आन् एका जागी संपत्यात. मग मी म्हणायचो, थांबा, आता खाली काही न्हाई. साहेब म्हणायचे अजून जाऊ. जायचे. आन् लागायचा काळा फत्तर. तो लागला की संपलं. त्याच्या खाली जायचं न्हाई. इतक्या मानसांची इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात. माझं खरं झालेलं असायचं, आन् त्या दिवशी माझ्या पंक्तीला कुणी जेवायला बसायचं न्हाई."

कमलचे हात चालले होते. "मग तुमी काय करायचा?"

हंबीरराव एक बेदाणा ह्या बोटातनं त्या बोटात फिरवत राहिले.

"हसू नका. तो काळा फत्तर म्हंजे आपलाच. साताऱ्याच्या डोंगराचा, आमच्या घराच्या जोत्याचा. तोच लाव्हा तिकडं पार खाली जमिनीत गेलाय. सगळे कॅम्पात तोंड पाडून बसायचे, आन् मी तो चुरा धुवायचा. धुतला की काळा कुळकुळीत. हातात घेऊन बसायचो. मला वाटायचं, एवढ्या खालनं घरचं कुणीतरी भेटायला आलंय."

मी जाळ्यांआड उभा होतो. माझ्या परसात धुणं धुवायचा काळा दगड आहे. हा माणूस दर रजेत त्याच्यावर बसून चहा घ्यायचा. आत खुर्च्या असताना. मंडळी ओरडायच्या, "दादा, ऊठ, मला धुनं धुवायचंय," आणि मीही ओरडायचो. तो उठून बाजूला उभा राहायचा, धुणं संपायची वाट बघत, आणि संपलं की पुन्हा ओल्या दगडावर बसायचा. धोतराची मागची बाजू भिजायची आणि मी पोरांदेखत त्याला हसायचो.

कमल हसली नाही. निवडलेल्या बेदाण्यांवर कापड टाकलं, उठली आणि म्हणाली, "तुमची एस्टी चुकंल."

बस्स, एवढंच. अण्णांनी दारापर्यंत पोचवलं, पण 'कळवतो' म्हणाले नाहीत आणि 'या पुन्हा' असंही म्हणाले नाहीत. आमच्याकडं ह्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

एस्टी स्टँडवर मंडळी बाकाच्या एका टोकाला पाठ फिरवून बसल्या. मधे मधे पदर डोळ्यांना लावत होत्या. दुसऱ्या टोकाला हंबीरराव, रुमाल नसल्यामुळं माझ्या रुमालात खडा बांधत. मला शेडमधलं आठवत होतं म्हणून मी पुष्कळ वेळ गप्प राहिलो. पण माणसाच्या सोसण्याला सीमा असते.

"हंबीरराव, तो खडा आता फेका!"

"वरनं पडलेला न्हाई हो दाजी. अस्सल हाय."

"आवं, लगीन मोडलं तुमचं!"

"व्हय," हंबीरराव म्हणाले आणि रुमालाची गाठ घट्ट केली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तिनं दार विचारलं, दाजी."

मी पुढं काय बोलणार होतो कुणास ठाऊक. चांगलं काही नसणार. तेवढ्यात रस्त्यानं धूळ उडवत एक सायकल आली. सायकलवर अण्णा. एवढा बागाईतदार माणूस, धोतराचा सोगा दातात धरून पायडल मारत होता. मी म्हटलं, भडंगाच्या अपमानाचा काहीतरी हिशोब राहिला असणार. मंडळी उठून उभ्या राहिल्या. अण्णांनी सायकल आमच्यासमोर थांबवली, सोगा सोडला, घाम पुसला, आणि माझ्याकडं न बघता हंबीररावांना म्हणाले,

"पोरीनं इचारलंय. तुमच्या त्या देहरादूनला बेदाणा मिळतो का?"

हंबीरराव नेहमीसारखे विचारात पडले. प्रश्नाचं उत्तर अचूक द्यायचं असतं ना.

"मिळतो. पर काबूलचा. आपला न्हाई मिळत."

अण्णांनी सायकल वळवली.

"मग येताना ती हितला घिऊन यील."